तिसऱ्या रांगेतली खुर्ची

सरांच्या घरची वरची खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी दोनच अटी घातल्या. हॉलमधल्या पिवळ्या पट्ट्यावर पाय द्यायचा नाही, आणि सकाळी साडेपाचला खाली आरडाओरडा सुरू झाला तर घाबरायचं नाही.

"कसला आरडाओरडा?" मी विचारलं.

"अमेरिकेतला," काकू म्हणाल्या आणि त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी चंदगडची. दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून कोल्हापुरात आले आणि राजारामपुरीतल्या त्या घरात अडीच वर्षं राहिले. घरमालक म्हणजे एका शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. सगळी गल्ली त्यांना नुसतं 'सर' म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. सत्तरी ओलांडलेली, उंची सव्वासहा फूट. आपल्याच घराच्या दारातून आत येताना त्यांना मान तुकवावी लागायची. गळ्यात शिट्टी असायची. ती आंघोळीलाही काढत नाहीत, असं काकू म्हणायच्या.

कोल्हापूर हे कुस्तीचं गाव, आणि कुस्तीनंतर फुटबॉलचं. इथं फुटबॉलवरून दोन पेठांचं बोलणं बंद होतं. अशा गावात या माणसानं तीसेक वर्षं पोरांना बास्केटबॉल शिकवला. "लोक इचारायचे, जाळीत टाकायचं त्येच व्हय? मी म्हणायचो, व्हय, त्येच," एवढंच ते त्यावर बोलायचे. हॉलमधला पिवळा पट्टा त्यांनी स्वतः ऑइलपेंटनं मारलेला होता. टीव्ही समोरच्या भिंतीला, आणि तिथून मोजून पंधरा फुटांवर हा पट्टा. मैदानावर फ्री थ्रो टाकायला खेळाडू जिथं उभा राहतो तेवढं अंतर. कुणी पट्टा ओलांडून पुढं आलं की शिट्टी वाजायची. गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस तर दारातूनच विचारायचा, "सर, पट्ट्याच्या मागं ठेवू की पुढं?" भाजी मंडईत कुणी रांग मोडून घुसलं तर सर काही बोलायचे नाहीत. दोन्ही मुठी छातीपुढं धरून एकीभोवती एक फिरवायचे. चेंडू न आपटता पावलं टाकली की पंच अशी खूण करतात. घुसलेला माणूस गोंधळून मागं सरायचा.

पहिल्याच सकाळी मी दचकून उठले. खाली हजारो माणसं ओरडत होती. एक इंग्रजी बोलणारा आवाज वर वर चढत होता आणि त्याच्यावर सरांचा आवाज, "थांब... थांब... आत्ता टाकू नको..." मी जिन्यावरून वाकून बघितलं. अंधाऱ्या हॉलमध्ये टीव्हीचा उजेड पडलेला. चित्र जुनं, रंग विटलेले, वरच्या कडेला पांढऱ्या रेघा थरथरणाऱ्या. सर पट्ट्याच्या मागं वेताच्या खुर्चीत बसलेले, कोपर गुडघ्यांवर टेकलेले.

"ये की. बस. पर स्कोर इचारायचा न्हाई. सांगायचा तर अजाबात न्हाई."

मला कुठला स्कोर माहीत असणार?

हळूहळू कळलं ते असं. अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉलचा मोसम संपता संपता बाद फेरी लागते. दोन संघ एकमेकांशी सात सामन्यांपर्यंत खेळतात, जो आधी चार जिंकेल तो पुढं जातो. तीन-तीन अशी बरोबरी झाली तर सातवा सामना होतो आणि त्यात सगळा निकाल लागतो. सरांचा धाकटा भाऊ तिकडं इंजिनिअर होता. दर वर्षी तो हे सामने टीव्हीवरून कॅसेटवर उतरवून घ्यायचा आणि कुणी इकडं येणारा भेटला की त्याच्याबरोबर पाठवून द्यायचा. अशा चाळीसेक कॅसेटी सरांच्या कपाटात होत्या. प्रत्येकीवर भावाच्या हातचं मराठी लेबल. 'दादा, ही आधी बघ.' 'दादा, दुसऱ्या क्वार्टरला पाणी पिऊन घे, नंतर उठता येणार नाही.'

तिकडं संध्याकाळी सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडं दुसरा दिवस उजाडत असतो. म्हणून सर त्या कॅसेटी पहाटे साडेपाचलाच लावायचे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे सामने, पण ते आत्ता चालू आहेत असंच धरायचं. व्हीसीआर बिघडला तर सुटे भाग असावेत म्हणून त्यांनी इचलकरंजीतल्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून आणखी दोन जुने व्हीसीआर आणून ठेवले होते. दर शनिवारी स्पिरिटमध्ये मलमलीचा तुकडा बुडवून ते यंत्राचं हेड पुसायचे.

"घड्याळ थांबवता येतंय असा ह्यो खेळ हाय," ते म्हणायचे. "फुटबॉलात घड्याळ पळतच असतंय. हितं शिट्टी वाजली की वेळ थांबली. मग खुशाल इचार करत बसा."

रविवारची कॅसेट मात्र ठरलेली होती. तिच्यावर लेबल नव्हतं. तो एक सातवा सामना होता, पांढऱ्या कपड्यांतला संघ आणि निळ्या कपड्यांतला संघ. शेवटपर्यंत चुरस. सर तो पूर्ण बघायचे आणि घड्याळात चार सेकंद उरले की रिमोटचं बटण दाबायचे. चित्र थरथरत थांबायचं. मग ते टीव्ही बंद करायचे, कॅसेट मागं गुंडाळून बाहेर काढायचे आणि चहा मागायचे.

"शेवट काय झाला?" मी पहिल्या रविवारी विचारलं.

"अजून व्हायचाय."

कारण मला काकूंनी सांगितलं, वाल मोडता मोडता. कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. काकूंचं बोलणं तसंच. "धाकट्या भाऊजींना त्या मॅचचं तिकीट मिळालं हुतं. आदल्या दिवशी फोन केला. म्हटले, दादा, जाळीच्या बोर्डाच्या मागं तिसऱ्या रांगेत हाय मी. फेटा बांधून बसतो. तुला टीव्हीत लगेच घावीन. घरातलं मशीन लावून मॅचला गेले. मॅच बघून परत येताना पावसात गाडी घसरली. त्यांच्या दोस्तानं सामान पाठवलं, त्यात मशीनमधली कॅसेट आली." काकूंनी शेंगेची शीर ओढून काढली. "मॅच संपली की ते उठणार, गाडीत बसणार. म्हणून हे संपूच देत न्हाईत."

"फेटा दिसतो का हो?"

"ह्यांना दिसतो. मी एक-दोनदा बसलो, मला नुसती गर्दी दिसती."

पुढच्या रविवारी मी नीट बघितलं. बोर्डामागच्या कॅमेऱ्यातून दाखवलं की डाव्या खांबाच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, पांढरी टोपी घातलेली एक गोरी बाई होती. तिच्या मांडीवर तपकिरी कोट. आणि तिच्या शेजारी भगवा फेटा.

मला तो स्पष्ट दिसला. चेहरा पुसट होता, पण बांधणी कोल्हापुरी होती, तुरा वर काढलेला. सरांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवसापासून रविवारी माझ्यासाठी स्टूल मांडलेलं असायचं.

पूर्ण सामन्यात तो फेटा अकरा वेळा दिसतो. सरांनी मोजलेलं होतं, मग मीही मोजायला लागले. पहिल्या क्वार्टरमध्ये दोनदा, दुसऱ्यात एकदा, तिसऱ्यात तीनदा, उरलेल्या सगळ्या वेळा चौथ्यात. काही महिन्यांत मला त्याचा नाद लागला. प्रयोगशाळेत दुधाच्या नमुन्यांवर आकडे घालतानाही ती रांग डोळ्यांपुढं यायची. एक गोष्ट मला खटकत होती. तो माणूस टाळ्या वाजवायचा नाही. आजूबाजूचे सगळे उभे राहिले तरी तो बसून असायचा. ज्यानं एवढी हौस करून फेटा बांधला, तो असा का बसेल?

एकदा जेवणाच्या सुट्टीत, सहज म्हणून, मी तो सामना मोबाइलवर शोधला. कुणीतरी मूळ प्रक्षेपण साफ करून टाकलेलं होतं. चित्र इतकं लख्ख की खेळाडूंच्या कपाळावरचा घाम दिसत होता. मी पुढं पुढं ढकलत बोर्डामागच्या पहिल्या दृश्यापाशी आले. पांढऱ्या टोपीची बाई होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर तिचा तपकिरी कोट ठेवलेला होता.

मी अकराही ठिकाणं काढली. कोट तिथंच होता. बाईची मांडी मोकळी होती.

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला मी मोबाइल दाखवला. "ह्या खुर्चीवर काय दिसतं तुला?"

"कोट," ती म्हणाली. "का गं? तुझा चेहरा असा का झालाय?"

तीन रविवार मी हे पोटात ठेवलं. सरांना काय सांगणार होते? की तुमचा भाऊ तिथं नाही? मी खाली जायची, स्टुलावर बसायची, आणि फेटा दिसला की नजर त्या बाईच्या मांडीवर जायची. कोट होता तिथं. नीट घडी घातलेला, जसा शेजारी कुणी येऊन बसल्यावर आपण उचलून घेतो तसा.

चौथ्या रविवारी सामना शेवटाला आला होता. नऊ सेकंद उरले असताना मागच्या बाजूला धप्प असा आवाज झाला आणि काकूंची हाक आली, "अवो, या हिकडं." काकू मोरीत घसरल्या होत्या. सर रिमोट मुठीत धरून तसेच धावले.

व्हीसीआरला बटण होतं. मी पुढं होऊन ते दाबू शकत होते. मी दाबलं नाही, हे मला कबूल केलं पाहिजे.

आठ. सात. सहा. पंचाची शिट्टी. बोर्डामागचा कॅमेरा. पाच. चार. या जागेच्या पुढचं मी त्या पडद्यावर कधीच बघितलेलं नव्हतं. चेंडू हवेत गेला. तिसऱ्या रांगेतली सगळी माणसं तोंडं वर करून चेंडूकडं बघत होती. फेटेवाला चेंडूकडं बघत नव्हता. तो सरळ कॅमेऱ्यात बघत होता. म्हणजे हॉलमध्ये बघत होता. सरांच्या रिकाम्या खुर्चीकडं.

मग गर्दी मैदानात उतरली आणि तो झाकला गेला. कोण जिंकलं ते मी सांगत नाही, त्या घरातली सवय लागली आहे. कागदाचे कपटे उडाले, कुणी रडलं, कुणी करंडक उचलला, जाहिराती लागल्या. कॅसेट चालूच होती. तिकडं घरातलं मशीन बंद करायला कुणी आलंच नव्हतं, त्यामुळं त्यानं पुढचंही सगळं उतरवलं होतं. त्या शहराच्या स्थानिक बातम्या लागल्या. निवेदिका सामन्याविषयी हसून बोलली, मग तिचा चेहरा गंभीर झाला. पडद्यावर ओला रस्ता आला. अजून दिवसाचा उजेड होता. एक राखाडी गाडी कठड्याला धडकून आडवी झालेली. गाडीच्या उघड्या दारातून भगवं कापड बाहेर आलेलं, आणि ते सुटत सुटत पार रस्त्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत पसरलेलं. पावसात भिजून डांबराला चिकटलेलं. एक पोलीस त्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून चालत होता. निवेदिका सांगत होती की हा माणूस सामन्याला निघाला होता, आणि सामना सुरू व्हायच्या दोन तास आधी हे घडलं.

"बगितलंस?"

सर दारात उभे होते. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. त्यांनी रिमोटनं टीव्ही बंद केला आणि खुर्चीत येऊन बसले.

"काकू?"

"गुडघ्याला लागलंय. हळद लावत्यात." ते थोडा वेळ बंद पडद्याकडं बघत राहिले. "मी ह्ये एकदाच बगितलंतं. कॅसेट आली त्या दिवशी. दोस्तानं फोनवर नुसतं अ‍ॅक्सिडेंट म्हणून सांगितलंतं, कवा ते सांगितलं नव्हतं. आई म्हातारी. दोन दिवस एकच इचारत हुती, त्याला मॅच बघाय मिळाली का रं? मी म्हटलं, व्हय, बघून परत येताना गेला. आनंदात गेला. मग कॅसेट आली, आणि मी ह्ये बगितलं. आता आईला काय सांगायचं? तसंच ठेवलं."

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "सर, मग खुर्चीवर?"

"पयल्यांदा बगितली तवा खुर्चीवर कोट हुता," सर म्हणाले. "त्या बाईचा. त्या वर्षी दर रविवारी मी कॅसेट लावायचो, आईपुढं. बातम्यांच्या आधी बंद करायचो. आई इचारायची, कुठं हाय त्यो? मी बोट दाखवायचो, त्यो काय तितं. तिला दिसत नव्हतंच. मला कोट दिसायचा. असं वरीसभर चाललं. मग एका रविवारी बगितलं तर त्या बाईनं कोट उचलून मांडीवर घेतलेला."

बाहेर दूधवाल्याची सायकल वाजली.

"उशीर झाला त्याला," सर म्हणाले. "पर पोचला."

त्यानंतर दोन रविवार मी खाली गेले नाही. आजारी असल्याचं सांगितलं. वर अंथरुणात पडून मी तो गोंगाट ऐकायची आणि चार सेकंदांवर तो थांबला की श्वास सोडायची. तिसऱ्या रविवारी सर स्वतः जिन्याच्या पायथ्याशी आले. मला वर हाक मारायची त्यांची पद्धत नव्हती.

"पोरी, एकदा ये. मला एकट्याला दिसतंय का तुलाबी, तेवढं सांग."

मी गेले. पहिल्या क्वार्टरमध्येच कळलं. फेटेवाला आता सामन्याकडं बघतच नव्हता. त्याची मान रांगेच्या टोकाकडं, पायऱ्यांकडं वळलेली होती. अकराही वेळा. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचा एक हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर होता, उठताना आपण आधाराला धरतो तसा.

"दिसतंय," मी म्हटलं.

"दोन रविवार झालं असंच हाय. निघायचं म्हणतोय त्यो." सरांनी घड्याळात चार सेकंद उरल्यावर बटण दाबलं, पण टीव्ही बंद केला नाही. थरथरत्या चित्रात तो हात तसाच होता. "आई शेवटाला म्हटली हुती, त्याचं पान वाढ. मी वाढलं न्हाई. पितृपंधरवडा आला की बाबांचं वाढतो, आईचं वाढतो. त्याचं न्हाई. मला वाटायचं, मी त्याला धरून ठेवलाय म्हणून त्यो हाय. त्याला इचारलंच न्हाई, बाबा, तुला बसायचंय का?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात गुडघ्याला फडकं बांधून उभ्या होत्या. सरांनी त्यांना तेव्हाच सगळं सांगितलं, माझ्यासमोर. फोन, कॅसेट, ओला रस्ता, आईशी बोललेलं खोटं. काकू भिंतीला टेकून ऐकत राहिल्या.

"आत्याबाईंना सांगितलं न्हाईसा ते बरं केलंसा," शेवटी त्या सासूबाईंविषयी म्हणाल्या. "पर मला सांगायचं हुतं."

"व्हय," सर म्हणाले.

भाद्रपदात त्यांनी गुरुजींना बोलावलं. मी त्या दिवशी घरी होते. माझी बदली चंदगडच्या दूध संकलन केंद्रावर झाली होती आणि मी सामान बांधत होते. गुरुजी तरुण होते, गल्लीत नवीन. कुणी न सांगताच ते पट्ट्याच्या मागं चटईवर बसले आणि मांडीवर पंचांग उघडलं. कोण, काय नातं, लग्न झालं होतं का, सगळं त्यांनी टिपून घेतलं. सर खुर्चीत बसले होते, हात गुडघ्यांवर. गुरुजींनी तारीख विचारली. सरांनी तारीख सांगितली, वर्षासकट, एका दमात.

"कुठली वेळ?"

"तिकडं दिवस मावळायच्या आधी. हिकडं उजाडायचं हुतं, पर तारीख बदललेली."

गुरुजी बोटानं पंचांगाच्या रकान्यात अडखळले. "म्हणजे मधे तिथी बदलत असेल तर दोन निघतात बघा. एक तिकडची, एक इकडची. तुम्हाला नक्की नसेल तर सर्वपित्री अमावास्येला केलं तरी चालतं."

"तिथी ठरलेली पायजे. अमावास्येला नको," सर म्हणाले. "दोनातली कुठली धरत्यात?"

"माणूस शेवटी जिथं होता, तिथली," गुरुजी म्हणाले.

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी हातातली सुतळी तशीच धरून जिन्याच्या पायरीवर बसले. सरांनी एकदा टीव्हीकडं बघितलं. तो बंद होता, काळ्या काचेत त्यांची खुर्ची आणि शेजारचं माझं रिकामं स्टूल दिसत होतं.

"मग हितली धरा," ते म्हणाले.

गुरुजींनी मान हलवली आणि वहीत तिथी लिहून घेतली.